पैठण ते भडोच : २० दिवसांची वाट

सातवाहनांची राजधानी पैठण, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, गोदावरीच्या काठी. या नगरीचा माल समुद्राला कोठे मिळत असे? नकाशा पाहिला तर उत्तर सोपे वाटते : जुन्नर, नाणेघाट आणि खाली कल्याण. नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे, घाटमाथ्यावर जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ मात्र वेगळेच सांगतो. त्यात पैठणचा माल थेट भडोचला जातो. भडोचहून दक्षिणेस २० दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून आणखी १० दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान गोमेदासारखे दगड, तेरहून जाडेभरडे कापड व मलमल. हे सारे गाड्यांवर लादून, जेथे धड रस्ता नाही अशा विस्तीर्ण मुलखातून नेत. म्हणजे हा ‘महामार्ग’ बव्हंशी चाकोऱ्यांचाच होता.

पैठणकरांना उत्तरेची ही दिशा नवी नव्हती. कन्नड तालुक्यात, खानदेशात उतरणाऱ्या डोंगरकडेला पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील स्तंभांवर पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दान कोरलेले आहे. आणि ते ‘पेरिप्लस’च्याही आधीचे.

पण जवळचे कल्याण सोडून एवढा वळसा का? भडोच काही सोयीचे बंदर नव्हते. नर्मदेच्या मुखाशी भरती-ओहोटीचा जोर इतका, की राजाच्या चाकरीतील कोळी पुढे जाऊन परकी गलबते आत ओढून आणीत. कारण होते राजकारण. थोरल्या सरगनसाच्या, बहुधा सातकर्णीच्या, काळी कल्याण अधिकृत बाजारपेठ होती. संदनेसाने ते घेतल्यावर तेथे चुकून शिरलेले ग्रीक जहाजही पहाऱ्यात भडोचला रवाना होऊ लागले.

भडोच क्षत्रपांचे होते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारे येथे धर्मशाळा बांधल्या, तापी, दमण, पारडा, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे नाशिकचा लेख सांगतो. पुण्य तर खरेच. पण उतारूंबरोबर व्यापारही त्याच नावांतून पार होत असणार.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांहून अधिक नाण्यांवर, नहपानाच्या मुखवट्यावरच, गौतमीपुत्राचा ठसा उमटवलेला आहे. त्यानंतरच्या काळात कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने दिसू लागतात.