खुल्या ज्ञानाची हुंडणावळ

६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि तोवर ४ रुपये ७६ पैशांना पडणारा डॉलर साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा त्याचा आघात जसा धान्याच्या व यंत्रसामग्रीच्या आयातीवर झाला, तसाच तो विद्यापीठांच्या ग्रंथालयांवरही झाला. शंभर डॉलर वर्गणीच्या शास्त्रीय नियतकालिकाला जिथे ४७६ रुपये पुरत, तिथे आता ७५० मोजावे लागले. सालाबादची तरतूद मात्र रुपयांत मंजूर झालेली, आणि म्हणून कोणती वर्गणी राखावी व कोणती तोडावी याचा निवाडा ग्रंथपालाच्या हाती न राहता हुंडणावळीच्या हाती गेला.

या अडचणीची जाण त्या काळी नव्हती असे नाही. युनेस्कोची १९४८ पासूनची ग्रंथकूपने स्वदेशी चलनात विकत घेता येत आणि परदेशी प्रकाशकाला त्यांचे मोल दुर्मीळ चलनात मिळे. १९५२ मध्ये दिल्लीत स्थापन झालेले इन्सडॉक हे शास्त्रीय प्रलेखन केंद्र परदेशी लेखांच्या प्रती संशोधकांना पुरवी. पुढे ग्रंथविक्रेत्यांची गुड ऑफिसेस कमिटी पौंड-डॉलरचे दर ठरवून देई. जुलै १९९१ मध्ये रुपयाची किंमत लागोपाठ दोनदा उतरवली गेली, तेव्हाही भार पडला तो संस्थेच्या जमाखर्चावर. एकट्या संशोधकाला त्याची झळ थेट पोहोचली नाही.

फेब्रुवारी २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्याने शास्त्रीय लेख वाचकाला विनामूल्य मिळावेत हे तत्त्व पुकारले, आणि ते मला आजही निःसंशय ग्राह्य वाटते. परंतु संपादनाचा व जतनाचा खर्च अनेक नियतकालिकांनी लेखकावर टाकला आणि त्यासोबत हुंडणावळीची जोखीमही त्याच्याच माथी आली. ऑक्टोबर २००३ मध्ये निघालेल्या 'प्लॉस बायॉलॉजी' या खुल्या नियतकालिकाचे लेखशुल्क १५०० डॉलर होते. तेव्हाच्या सुमारे ४५ रुपयांच्या भावाने त्याचे अदमासे ६८ हजार होत. ऑगस्ट २०१३ च्या अखेरीस डॉलर ६८ रुपयांवर गेला, त्या भावाने तेवढ्याच डॉलरांचे लाखाच्या वर होतात. प्रकल्पाचे अनुदान रुपयांत मंजूर होते, प्रयोगाला दोन-तीन वर्षे लागतात, लेखाची छाननी महिनोन्‌महिने चालते, आणि शुल्काची मागणी येते ती लेख स्वीकारल्यावर, त्या दिवसाच्या भावाने. मग फरकाची रक्कम रसायनांच्या नाहीतर विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाच्या बाबीतून काढावी लागते. शुल्कमाफी आहे खरी, परंतु बायोमेड सेंट्रल या खुल्या नियतकालिकांच्या प्रकाशनसंस्थेने तिला एकूण देशांतर्गत उत्पादनाची २०० अब्ज डॉलरची मर्यादा घातली आणि भारत तिच्याबाहेर राहिला. देशाची अर्थव्यवस्था मोठी म्हणून त्यातील प्रत्येक प्रयोगशाळा सधन, हे गृहीतच अन्यायाचे आहे.

म्हणूनच मुंबईतील परळच्या शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून व के. ई. एम. रुग्णालयातून १९५५ पासून निघणाऱ्या 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन'चे उदाहरण मला विशेष मोलाचे वाटते. आंतरजालावर सारा मजकूर खुला करताना त्याने छापील अंकाची वर्गणी चालू ठेवली, आणि लेखकाकडून शुल्क घेतले नाही. मुंबईतच उभ्या राहिलेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने ही रीत इतर अनेक भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत रुजवली.  डॉलरचा भाव काहीही असो, परळला लेख पाठवणाऱ्या तरुण डॉक्टराला तो छापून आणण्यासाठी परकीय चलनाची तजवीज करावी लागली नाही.