दप्तरावांचून इतिहास

इतिहास म्हटला कीं कागद, आणि कागद म्हटले कीं दप्तर, ही महाराष्ट्राची जुनी समजूत आहे. आणि ती सकारण आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून, कसर लागलेले रुमाल सोडून, १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. साधनांवांचून इतिहास नाहीं हा धडा आम्ही त्या पिढीकडून घेतला. परंतु ज्या घरांत रुमालच नव्हता, त्या घराचा इतिहास कोठून लिहावा? वाड्याला दप्तर असतें. चाळींतल्या खोलीला तें नसतें.

मुंबईच्या गिरणगांवाचेंच उदाहरण घेऊं. कावसजी दावर यांची ताडदेव येथील कापडगिरणी १८५६ सालीं चालूं झाली. पुढें परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांचीं धुराडीं उभीं राहिलीं. कोंकणांतून व देशावरून माणसें आलीं. आणि दाटीच्या खोल्या, खाणावळी, तालमी व भजनी मंडळें यांतून एक नवाच मराठी समाज घडला. या समाजाविषयीं कागद नाहींत असें नव्हे. मालकांच्या कचेऱ्यांत हजेरी व पगार यांचे तपशील होते, सरकारदरबारीं चौकशी-मंडळांचे अहवाल आहेत. पण त्या कागदांत कामगार येतो तो आंकडा होऊन. बोलता माणूस म्हणून तो क्वचितच येतो.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. तो संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडल्या. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागीं आज आलिशान बाजारपेठ आहे. तेथें खरेदीस जाणाऱ्या तरुणाला आपण कोणाच्या अंगणांत उभे आहों, हें कोणी सांगावें?

हें काम एका ग्रंथानें व एका अनुबोधपटानें कसें केलें, तें पाहण्याजोगें आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांचा ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ हा इंग्रजी ग्रंथ २००४ सालीं निघाला. त्यांत गिरणगांवच्या लोकांचीं निवेदनें त्यांच्याच तोंडचीं दिलीं असून, राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराची प्रस्तावना त्यांस जोडलेली आहे. हा योग आम्हांस महत्त्वाचा वाटतो. आठवण ही साक्ष आहे, निकाल नव्हे. माणूस प्रसंग विसरत नाहीं, पण साल विसरतो. ऐकलेलें पाहिलेलें म्हणून सांगतो. म्हणून साक्षीला कागदाचा ताळा हवा. आणि कागदाला साक्षीचा.

त्यापूर्वीं, २००१ सालीं, अंजली मोन्तेरो व के. पी. जयशंकर यांनीं ‘साचा’ हा अनुबोधपट केला. गिरणीच्या बोलींत साचा म्हणजे माग. या चित्रपटांत कवि नारायण सुर्वे व चित्रकार सुधीर पटवर्धन हे दोघे गिरणगांवाची ओळख करून देतात. एका गिरणीकामगारानें उचलून वाढविलेलें पोर पुढें मराठी कवितेंत मानाचें स्थान मिळवितें, ही हकीकत पुस्तकांतूनहि कळते. परंतु सुर्वे यांचा आवाज पुस्तकांतून ऐकूं येत नाहीं. ते २०१० सालीं निवर्तले. आवाज मात्र राहिला. बोलतां बोलतां माणूस कोठें थांबतो, कोणत्या शब्दाशीं हंसतो, हेंहि साधनच आहे, आणि तें टिपण्याची शक्ति लेखणींत नाहीं.

तथापि चित्राच्या मोहानें लेखणीला निरोप देणें शहाणपणाचें होणार नाहीं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं १९०१ सालीं रँग्लर परांजपे यांच्या मुंबईंतील स्वागताचें चित्रण केलें होतें. तें चित्रण आज पाहावयास मिळत नाहीं. त्याची वार्ता आपणांपर्यंत आली ती लिहिलेल्या शब्दांच्या आधारें. शिवाय चित्रपट जें दाखवितो तें निवडून दाखवितो. ही निवड कोणीं व कां केली, हें विचारण्याची सवय प्रेक्षकाला लागली पाहिजे. चित्रपट चेहरा देतो, ग्रंथ तारीख देतो. तारखेवांचून चेहरा पोरका, आणि चेहऱ्यावांचून तारीख मुकी.

गिरणगांवाचें जें झालें तें थोड्याफार फरकानें सर्वत्र होत आहे. धरणाखालीं गेलेलें गांव, मोडलेली पेठ, बंद पडलेला छापखाना यांचे साक्षीदार अजून आपल्यांत आहेत. पण संपाच्या वेळीं जो पंचविशींत होता, तो आज सत्तरीकडे झुकला आहे. दप्तर शंभर वर्षें माळ्यावर पडून राहिलें तरी एखादा राजवाडे येऊन तें सोडूं शकतो. माणूस तितका थांबत नाहीं. ज्या घरांत असें कोणी वडील माणूस आहे, त्या घरच्या शिकलेल्या मुलामुलींनीं त्याच्याजवळ बसावें, प्रश्न विचारावे, आवाज उतरून घ्यावा, आणि त्याखालीं दिवस, स्थळ व नांव स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवावें. चाळींतल्या खोलीचें दप्तर असेंच तयार होईल.