कमी किमतीची इलेक्ट्रो-अकॉस्टिक गिटार : हाताला हलकी, कानाला खरी कशी मिळेल?

कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या वेदगंगेकाठच्या गावातून गिटार विकत घ्यायची, तर बहुधा कोल्हापूरचे दुकान गाठावे लागते, नाही तर ती घरबसल्या मागवावी लागते. दहा ते पंधरा हजार रुपये बाजूला काढून ठेवलेल्या हौशी वादकाचा कल हल्ली इलेक्ट्रो-अकॉस्टिक गिटारकडे असतो. दुकानात तिलाच 'सेमी-अकॉस्टिक' म्हणण्याचा प्रघात आहे. वास्तविक सेमी-अकॉस्टिक हा इलेक्ट्रिक गिटारचाच चपट्या, पोकळ अंगाचा वेगळा प्रकार होय. इलेक्ट्रो-अकॉस्टिक म्हणजे नेहमीची लाकडी पेटीची गिटार, मात्र तिच्या आत पिकअप, म्हणजे तारेच्या कंपनाचे विजेत रूपांतर करणारा भाग बसवलेला असतो. घरी ती तशीच वाजते. गणेशोत्सवात किंवा स्नेहसंमेलनात वायर जोडली की मंडपभर ऐकू जाते.

या पिकअपचे मूळ १८८० मध्ये पिएर आणि जॅक या क्युरी बंधूंनी दाखवून दिलेल्या एका गुणधर्मात आहे. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांच्यात विद्युतभार निर्माण होतो. अमेरिकेतील ओव्हेशन कंपनीने १९६६ नंतरच्या काळात हे तत्त्व गिटारच्या घोडीखाली आणले आणि ते जगभर रुजले. घोडीवरच्या खाचेत हाडाची किंवा प्लॅस्टिकची जी उभी पट्टी असते, तिला सॅडल म्हणतात. सॅडलच्या तळाशी स्फटिकाची बारीक पट्टी ठेवलेली असते. तारांचा दाब सॅडलमधून तिच्यावर येतो. तिच्यातून निघणारा संकेत अगदी क्षीण असल्याने गिटारच्या कडेला नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रीअँप बसवतात.

म्हणजे बोटांना तार किती उंच लागते हे ज्या सॅडलवर ठरते, त्याच सॅडलखालून आवाजही उचलला जातो. स्वस्त गिटारची बरीवाईट प्रकृती या एका जागी कळते, आणि गिऱ्हाईक नेमके तिकडे पाहत नाही. ते पाहते चकाकणारे पॉलिश आणि इक्वलायझरची बटणे.

आधी बोटांचे पाहू. तार आणि बाराव्या फ्रेटचा माथा यांतील अंतराला अॅक्शन म्हणतात. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटरच्या आत-बाहेर अंतर असेल, तर नवशिक्यालाही वाजवता येते. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारीत ते बरेचदा तीन ते साडेतीन मिलिमीटर असते, कारण उंच तार कधी खडखडत नाही आणि तक्रार येत नाही. बोटे सोलवटून महिनाभरात गिटार कपाटावर जाते ती याच पायी. एफ मेजरचा बार कॉर्ड लागत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या विद्यार्थ्याने आधी मोजपट्टी हाती घ्यावी.

उपाय स्वस्त आहे. मानेतील लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, मानेचा बाक ठीक करण्यापुरती असते. अॅक्शन उतरवण्यासाठी ती पिळू नये. पहिला फ्रेट आणि मान पेटीला मिळते तिथला फ्रेट एकाच वेळी दाबला असता सातव्या फ्रेटवर व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट राहिली, की मान ठीक आहे असे समजावे. मग सॅडल तळातून घासावे. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायचा, तर सॅडल एक मिलिमीटर उतरवावे लागते. मात्र साध्या गिटारीत चालून जाणारी ढिलाई इथे चालत नाही. तळ जराही वाकडा घासला गेला, तर तो खालच्या स्फटिकावर सर्वत्र सारखा टेकत नाही आणि वायर जोडताच एखादी तार दबून जाते, तर शेजारची ओरडते. पिकअप खराब म्हणून परत केलेल्या काही गिटारींचा आजार एवढाच असू शकतो.

घोडीची ही करामत आपल्या भागाला नवी नाही. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेथील कारागिरांचे कसब जवारी लावण्यात, म्हणजे रुंद घोडीचा माथा असा घासण्यात आहे की तार तिच्यावर किंचित घासत राहून झणकार उठावा. गिटारीचे गणित उलटे. तिथे तार सॅडलच्या एकाच टोकदार कडेवरून सुटली पाहिजे. माथा सपाट राहिला तर गिटार सतारीसारखी झणझणते, आणि तंबोऱ्यातले वैभव इथे दोष ठरते.

तारांचा संचही पाहावा. हजारांश इंचात बारापासून सुरू होणाऱ्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. दहाच्या संचाने तो दहाएक किलोंनी उतरतो, आवाज मात्र थोडा पातळ होतो. गिटारची तारलांबीही महत्त्वाची. यामाहाच्या एफ ३१० आणि तिच्या पिकअपवाल्या एफएक्स ३१०ए या मॉडेलांत ती ६३४ मिलिमीटर, म्हणजे नेहमीच्या ६५० पेक्षा कमी असल्याने तार मऊ लागते.

आता आवाज. जाहिरातीत 'स्प्रूस टॉप' लिहिलेले असले, तरी 'सॉलिड' हा शब्द नसेल तर वरची फळी प्लायची आहे असे धरावे. मधल्या गोल छिद्राच्या कडेला रेषा वरून खालपर्यंत अखंड गेल्या असतील तर लाकूड एकसंध. थर दिसले तर प्लाय. एकसंध फळीचा आवाज मोकळा आणि वापराने खुलणारा असतो, हे खरे. पण मुरगूडचा पावसाळा लक्षात घेता प्लायची बाजूही भक्कम आहे. दमट हवेत फळी फुगते, घोडी वर उचलली जाते आणि अॅक्शन वाढते. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत उलट होऊन तारा फ्रेटला लागतात. प्लाय हे सारे बरेच सहन करते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी हे पुस्तकी प्रमाण जुलैत पाळणे अशक्यच. तेव्हा गिटार पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि उन्हाळ्यात पत्र्याखाली टांगू नये. उष्णतेने घोडीचा गोंद सुटतो.

वायर जोडल्यावर ऐकू येते ते बहुतांशी तारेचे, पेटीचे थोडे. जोरात झोडले की स्वस्त पिकअप 'क्वॅक' असा प्लॅस्टिकचा चरका देतो. तो टाळायला तिगुनी सूर, म्हणजे ट्रेबल, आणि त्यालगतचा मधला पट्टा थोडा उतरवावा. घुमण्याचा त्रास खर्जात, शंभर हर्ट्‌झच्या आसपास होतो, कारण पेटीतील हवा तिथेच डोलते. छिद्रावर रबराची चकती बसवणे हा त्यावरचा दर वेळी लागू पडणारा नसला, तरी स्वस्त उपाय. जनरेटरच्या विजेवर चालणाऱ्या मंडपात लांब वायरीतून घूं ऐकू येते. तिथे ध्वनियंत्रणावाल्याकडे डीआय बॉक्स मागावा.

दुकानात गिटार प्रथम वायरीविना वाजवून पाहावी, प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार. मग वायर जोडून सहाही तारा एकाच जोराने छेडाव्यात आणि त्या सारख्या ऐकू येतात का, हे बटणे मध्यावर ठेवून तपासावे. ऑनलाइन मागवणाऱ्याने हीच तपासणी परतीची मुदत संपण्याआधी उरकावी आणि किमतीतले हजारभर रुपये सेटिंगसाठी राखून ठेवावेत. जास्त बटणांच्या प्रीअँपवर ते खर्च होऊ नयेत.

बहुतेक गिटारींत वायर खोचताच प्रीअँप सुरू होतो आणि वायर तशीच राहिली तर बॅटरी विनाकारण खर्च होत राहते. कार्यक्रमानंतर वायर काढावी, आणि पिशवीच्या कप्प्यात एक नवी बॅटरी असू द्यावी.