ताट आपलं, घास बाळाचा

उष्टावण झाली की बाळ ताटाकडे झेपावतं आणि आपण त्याचा हात मागे ओढतो. म्हणून आमच्या बचत गटात आम्ही एक जुनी हकीकत सांगतो.

1926 साली अमेरिकेत डॉ. क्लारा डेव्हिस यांनी नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांपुढे फळं, भाज्या, अंडी, धान्य, मांस, दूध असं मांडून ठेवायला सुरुवात केली. सक्ती नाही, बाळानं हात पुढे केला तरच परिचारिकेनं भरवायचं. बोटांनी खाल्लं तरी चालेल. 1939 मध्ये त्यांनी 15 मुलांचा अनुभव मांडला. मुलं धडधाकट वाढली होती. पण खरी मेख त्यांनीच सांगितली: पदार्थ मोठ्यांनी निवडलेले होते. त्यांत साखर नव्हती, डबाबंद काही नव्हतं.

म्हणजे पुडा फोडून बिस्कीट हातात देणं ही बाळाची निवड नव्हे. सहा महिने पूर्ण झाले, बाळ बसू लागलं, की उकडलेलं रताळं, भोपळा, पिकलेलं केळं यांचे बोटाएवढे तुकडे द्या. चिमटीत सहज कुस्करतील इतके मऊ. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत, घशात अडकतात. बाळ खात असताना जवळच बसा. अंगावरचं दूध चालूच ठेवा. काय वाढायचं ते आपण ठरवू, किती खायचं ते बाळ ठरवेल.