काव काव

कावळ्याला संस्कृतात ‘काक’ का म्हणतात? प्राचीन आचार्य यास्कांनी ‘निरुक्त’ या आपल्या व्युत्पत्तिग्रंथात सरळ सांगितलं आहे: हे आवाजाचं अनुकरण, आणि पाखरांच्या नावांत ते पुष्कळ आढळतं. लगेच ते औपमन्यव या दुसऱ्या आचार्यांचा विरोधही नोंदवतात. औपमन्यवांना शब्दानुकृती मान्यच नव्हती. हाकलून लावायचा तो काक, अशी त्यांची व्युत्पत्ती. मी यास्कांच्या बाजूचा. पिंड ठेवून आपण त्याच पक्ष्याला ‘काव काव’ करत आर्जवानं बोलावतो, त्याच्याच भाषेत.

आवाजावरून नाव ठेवायची ही सवय मराठीनं सोडलेली नाही. मोटारसायकल गावात आली तेव्हा लोकांनी तिचा आवाज ऐकला आणि नाव ठेवलं, फटफटी. किती नेमकं! आता इंजिनं मऊ बोलतात, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ती अजून फटफटीच आहे.