भुतं, उशी आणि उंदराचा श्वास

स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन विद्यापीठात १९७४ साली जिम हचिसन, जॉन मॅलार्ड आणि सहकाऱ्यांनी एका उंदराची एमआरआय प्रतिमा काढली. उंदीर नुकताच मारलेला होता. मान मोडलेल्या जागेभोवती साचलेलं पाणी चित्रात ओळखू येत होतं. मेलेल्या उंदराची एक सोय असते, तो हलत नाही. त्याच वर्षी अमेरिकेत स्टोनी ब्रुकच्या पॉल लॉटरबर यांनी जिवंत उंदराची छाती चित्रात आणली. ते चित्र मुळातच इतकं भरड होतं, की श्वासाने त्यात आणखी काय बिघडणार? श्वासाची अडचण खरी जाणवू लागली ती चित्रं रेखीव झाल्यावर.

१९८० मध्ये ॲबर्डीनच्याच गटाने ‘स्पिन-वॉर्प’ ही पद्धत आणली. आजही बहुतेक स्कॅन तिच्याच तत्त्वावर चालतात. यात चित्र एका झटक्यात निघत नाही. थोडी थोडी माहिती ओळीओळीने गोळा होते आणि शेवटी गणिताने चित्र जुळतं. एक ओळ श्वास घेताना आली, पुढची सोडताना, की जुळणी बिघडते. शिवाय श्वास ठरावीक लयीत चालतो, त्यामुळे छातीच्या कडेच्या फिकट नकला एकाच दिशेने सारख्या अंतरावर उमटतात. त्यांना ‘घोस्ट’, म्हणजे भुतंच म्हणतात. माणसांच्या स्कॅनमध्ये १९८५ च्या सुमारास या ओळी श्वासाच्या चढउतारानुसार लावून घेण्याची युक्ती निघाली. जनरल इलेक्ट्रिकने आपल्या उपायाचं नाव चक्क ‘एक्झॉर्सिस्ट’, म्हणजे भुतं उतरवणारा मांत्रिक, असं ठेवलं. इंजिनिअर मंडळींनाही कधीकधी लहर येते.

माणसाला निदान ‘श्वास रोखा’ असं सांगता येतं. उंदराला काय सांगणार? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ॲलन जॉन्सन आणि लॉरेन्स हेडलंड यांच्या गटाने उंदराचा श्वासच आपल्या हातात घेतला. श्वासनलिकेत नळी घालायची आणि चुंबकाजवळ चालेल असा व्हेंटिलेटर स्कॅनच्या तालावर चालवायचा. चित्रं उत्तम येतात. पण पंचवीस-तीस ग्रॅमच्या जिवाच्या घशात नळी घालणं हे कसबी हाताचं काम आहे, आणि तोच उंदीर महिनाभर पुन्हा पुन्हा तपासायचा असेल तर जोखीमही मोठी.

म्हणून रूढ झाली ती हवेची चिमुकली उशी. उंदराला आयसोफ्लुरेनची भूल देऊन निजवतात आणि उशी पोटाला लागून ठेवतात. पोट हललं की तिच्यातला दाब बदलतो, नळीतून तो बाहेरच्या संवेदकापर्यंत पोचतो आणि पडद्यावर लाट उमटते. भुलीत उंदीर मिनिटाला साधारण चाळीस ते ऐंशी श्वास घेतो आणि दोन श्वासांमध्ये निवांत टप्पा असतो. तेवढ्यात माहिती घ्यायची, बाकी वेळ थांबायचं. हेच गेटिंग. अशा उपकरणांचा एक प्रसिद्ध उत्पादक स्टोनी ब्रुकचाच आहे.

या थांबण्यानेच नवी भानगड उभी राहिली. स्कॅनचा संकेत शरीरातल्या प्रोटॉनकडून येतो; त्यांना दिले जाणारे रेडिओलहरींचे ठोके थांबले की ते विसावा घेतात आणि त्यानंतरचा पहिला संकेत अवाजवी तेजस्वी येतो. भुतं जातात, उजेडाचा चढउतार राहतो. यावर उपाय असा, की श्वास चालू असतानाही ठोके द्यायचे, फक्त त्या वेळची माहिती वापरायची नाही. २००४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी उंदरांवर गेटिंगच्या पद्धती ताडून पाहिल्या, त्यात हा मुद्दाही होता.

पुढची पायरी सेल्फ-गेटिंगची. स्कॅनच्या संकेतातच श्वासाचा चढउतार दिसतो. तेव्हा गरजेपेक्षा कितीतरी जास्त माहिती घेऊन ठेवायची आणि नंतर चाळणी लावायची. ब्रुकर कंपनीची इंट्रागेट ही याचीच आवृत्ती. मला ही पद्धत सर्वांत समंजस वाटते, उंदराच्या लयीत ती ढवळाढवळ करत नाही. तिची किंमत वेळात मोजावी लागते.

उशी मात्र गेलेली नाही. श्वास मंदावला तर भूल कमी करायची, वाढला तर उंदीर शुद्धीवर येतोय, हे चुंबकाच्या बाहेर बसलेल्याला तीच सांगते. सेल्फ-गेटिंग करणाऱ्यांनीही ती काढू नये.