दातांतला पारा आणि गटार

१८३३ साली क्रॉकूर बंधू न्यूयॉर्कला आले, ते ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ असे भारदस्त नाव घेऊन. प्रत्यक्षात तो चांदीच्या नाण्यांचा कीस आणि पारा यांचा लगदा, म्हणजे अमाल्गम. सोन्याने दात भरण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. प्रस्थापित दंतवैद्य खवळले. १८४० मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स’ने पुढे सभासदांकडून अमाल्गम न वापरण्याची लेखी प्रतिज्ञाच मागितली. या विरोधात आरोग्याची चिंता किती आणि सोन्याच्या धंद्याची किती, हे वेगळे काढणे कठीण. सभासद गळत गेले. १८५६ मध्ये संस्थाच संपली. अमाल्गम मात्र टिकले.

हा सारा वाद रुग्णाच्या तोंडापुरता होता. चूळ भरल्यावर वाहून जाणाऱ्या कणांचे काय, हा प्रश्न त्यात नव्हता. जुने फिलिंग उकरले की पारा सांडपाण्यात जातो. नदी-तलावांच्या गाळातले जिवाणू त्यातल्या काहींचे मिथाइल मर्क्युरी करतात आणि ते माशांत साठते. जपानच्या मिनामातात एका कारखान्याच्या सांडपाण्यातील याच विषाने माणसे मेली. त्या गावाच्या नावाने झालेला २०१३ चा करार अमाल्गमचा वापरही घटवायला सांगतो. अमेरिकेत दवाखान्यांच्या सांडपाण्यातून हे कण वेगळे काढण्याचा देशव्यापी नियम २०१७ मध्ये आला. बहुतेक जुन्या दवाखान्यांना मुदत मिळाली २०२० पर्यंत.